कापसात सापडलेला इसम

आमचं घर आता चोराला सापडणार नाही, आणि सापडलंच तर चोर घराला सापडेल! हे वाक्य मी ऑफिसात आठवडाभर येईल त्याला ऐकवत होतो. पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस सहसा कशाची हमी देत नाही. या वेळी मी दिली.

कारण होती माझी बायको, रजनी. माझ्यासोबत कुठं जायचं म्हटलं की तिला घाम फुटतो. बसस्टँडवरून मी एकदा तरी परत येतोच, कुलूप ओढून बघायला. तिच्या मावसभावाच्या लग्नातून तर मी तिला अक्षता पडायच्या आत उठवून आणलं होतं, कारण मागचं दार लावल्याचं मला आठवेना. दार लावलेलं होतं!

यंदा तिच्या सख्ख्या भाचीचं, दीपाचं, लग्न होतं यवतमाळला. आणि यंदा घरात कापूस होता. भाव असा काही पडला की पाच एकरांतला सगळा कापूस मी न विकता बैठकीत भरला. वैशाख आला तरी भाव हलेना आणि कापूसही हलेना. पाहुण्यांना आम्ही ढिगावरच बसवायचो.

"हे पाहा," रजनी म्हणाली, "दीपाची पाठवणी होईपर्यंत मी हलणार नाही. तुम्ही मधातच उठून पळाले, तर मी पुन्हा तुमच्यासंगं कुठंच येणार नाही. सांगून ठेवते!"

आवाजात चेष्टा नव्हती. म्हणून मी ठरवलं, घराला राखणीचं यंत्र बसवायचं!

तीन कंपन्यांची माणसं आमच्या दिग्रसला बोलावली. पहिला म्हणाला, कॅमेरे लावा, मोबाइलवर घर दिसेल. आमच्या मोहल्ल्यात मोबाइलवर नुसता आवाज नीट आला तरी आम्ही देवापुढं साखर ठेवतो! दुसऱ्यानं घरामागच्या नदीकडून किरणांचं कुंपण सुचवलं. त्या कुंपणातून रोज सकाळी चाळीस म्हशी गेल्या असत्या. तिसरा पुण्याच्या कंपनीचा, मंदार नावाचा.

"काका, नदीकडून कोण येतं?"

"म्हशी, धुणं धुणाऱ्या बाया, अन पावसाळ्यात नदी सोता."

त्यानं हे गंभीरपणे लिहून घेतलं. "मग मागचं दार कायमचं बंद करू. पुढच्या दारानं आत आलात की तीस सेकंदांत भिंतीवरच्या पेटीत चार आकडे दाबायचे. नाहीतर भोंगा! पेटीला घरातली हालचालही कळते, आणि तिच्यात माईक आहे. पुण्यात आमची माणसं ऐकतात आणि लगेच फोन करतात. आधी तुम्हाला, मग काकूंना, मग शेजाऱ्यांना."

शेजारी म्हणजे रामधन राठोड. आमच्या घराची दुसरी किल्ली अठरा वर्षं त्याच्या घरी खिळ्याला टांगलेली होती. ती मी परत मागितली.

"काहून? माह्यावर भरोसा नाही का?"

"तसं नाही गा. आता मशीन हाय. पुण्याची!"

रामधननं किल्ली दिली, पण दाढ उपटून दिल्यासारखी. त्याच्या बायकोनं, बसंतीबाईंनी, आधी रिकाम्या खिळ्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवात हळद चालू होती आणि माझा फोन वाजला.

"सर, पुण्याहून भैरवी बोलतेय. तुमच्या बैठकीत हालचाल दिसतेय."

"कायची?"

"ते यंत्राला कळत नाही, सर. शेजाऱ्यांना कळवू का?"

रामधनला कळवून काय उपयोग? किल्ली माझ्या खिशात! "नको, मीच पाहतो," मी म्हणालो.

रजनीच्या गालाला हळद लागली होती आणि ती खळखळून हसत होती. इतकं हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली. फार वाटली. तरी गेलो!

लग्न संध्याकाळी सहाचं. दोन तास जायला, दोन यायला, कोणाला पत्ता लागणार नाही. "बर्फ घेऊन येतो," असं रजनीला सांगून मी थेट दिग्रसची एसटी पकडली.

घरी पोचलो, कुलूप काढलं, दार ढकललं, आणि कापूस अंगावर आला. ढीग घसरला होता आणि पेटी त्याखाली गाडली गेली होती! तीस सेकंद! मी ढिगात सूर मारला. चाचपडत हात पुढं नेला तर पेटीऐवजी काहीतरी ऊबदार लागलं आणि त्यानं मला ओरबाडलं. खिडकीच्या गजांतून आलेली मांजर कापसात बाळंत झाली होती! मी ओरडलो, मांजर ओरडली, मग भोंगा ओरडला. खिशातला फोन कापसात कुठं गेला, देव जाणे.

मी फोन उचलत नाही म्हटल्यावर पुण्यानं रजनीला गाठलं, मग रामधनला. तो काठी घेऊन आला, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

"चोर सापडला वो!" अर्धा मोहल्ला खिडकीशी जमला.

"रामधन, मी हाय! श्रीकृष्ण!"

"श्रीकृष्णभाऊ लग्नाले गेले. मले सांगून गेले."

"अरे, तोंड पाह्य माहं!"

"तोंड कुठं हाय? नुसता कापूस हाय!"

मी तोंड पुसलं. रामधननं मला ओळखलं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग तो सावकाश हसला.

"किल्ली असती तर आतमधी येऊन नीट पाह्यलं असतं, बाप्पा. आता वहिनीलेच इचारतो." आणि त्यानं रजनीला फोन लावून आवाज मोठा केला. "वहिनी, एक जण सापडला. म्हणते, मीच श्रीकृष्ण."

पलीकडं बँड वाजत होता.

"आमचे हे तर इथं पंगतीत वाढून राह्यले," रजनी म्हणाली. "रामधनभाऊ, पाठवणी झाल्याचा माहा फोन येईपर्यंत कडी काढू नका!"

बसंतीबाईंनी गजांतून झुणका-भाकर दिली आणि वाटीत दूध दिलं. "दूध मांजरीचं हाय," असं दोनदा बजावलं.

पाठवणी रात्री झाली, पण रजनीचा फोन काही आला नाही. सकाळी ती स्वतःच आली आणि कडी काढली. माझ्या खिशातली किल्ली घेऊन आधी रामधनच्या हातावर ठेवली, मग माझ्याकडं वळली.

"खरंच तुले वाटलं, मी पंगतीत हाय म्हणून?" मी विचारलं.

"छे! त्या भैरवीनं मले फोनवर घरातला आवाज ऐकवला. तुम्ही अन मांजर, दोघंही ओरडून राह्यले होते. मले मांजरीचाच तेवढा ओळखू आला नाही." तिनं माझ्या केसांतला कापूस काढला. "बर्फ आणला का?"

रजनी शब्दाची पक्की आहे. आता ती बसंतीबाईंसोबत गावाला जाते, चांगले चार-चार दिवस. घराची तिला अजिबात काळजी नसते. घरात मी असतो ना!