केली आजोबांची समक्ष हजेरी

१९६१ सालच्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या आखन शहराजवळच्या एका गावात एका माणसाचा धर्म हरवला. माणूस वारल्याला एकशेवीस वर्षं झाली होती, त्यामुळे त्यालाच विचारून घेण्याची सोय नव्हती.

त्याचं नाव पॅट्रिक केली. आयर्लंडमधून पोटासाठी इकडे आला आणि सुयांच्या कारखान्यात लागला. त्याची खापरपणती हिल्डे हिच्याशी श्रीनाथला लग्न करायचं होतं. श्रीनाथ आखनला यंत्रांवर डॉक्टरेट करत होता. डिसेंबरात त्याची परतीची बोट होती. तोवर लग्न झालं नाही, तर त्याला एकट्यालाच जावं लागणार होतं.

गावच्या नोंदणी कचेरीतले श्रीयुत प्युत्स सज्जन होते, म्हणजे नियमाबाहेर पाऊल टाकत नसत. अर्जात ‘वधूच्या घराण्याचा धर्म’ असा रकाना होता. केली आले तेव्हा कॅथलिक होते आणि पुरले गेले प्रोटेस्टंट दफनभूमीत. मधे धर्म बदलल्याचा कागद नव्हता.

श्रीनाथने विचारलं, हिल्डेचा आजचा धर्म लिहिला तर चालणार नाही का? प्युत्स म्हणाले, पायाच नसेल तर वरचा मजला कसा नोंदवणार? आयर्लंडला पत्र गेलं. तिथल्या पाद्र्यांनी कळवलं की त्या गावात पॅट्रिक केली एकोणीस होते, त्यांतला तुमचा कोणता?

शेवटी प्युत्सनी नियम काढून दाखवला. धर्म बदलणाऱ्याने समक्ष येऊन सही करावी. मृतांना सवलत असल्याचं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं.

“आल्झो, म्हणजे त्यांनी स्वतः यायला हवं,” प्युत्स म्हणाले.

श्रीनाथ सरळ मुलगा. त्याला यात अडचण दिसली नाही. “येतील की. आमच्याकडे वर्षाला येतात.”

“कशाने?”

“कावळ्याच्या रूपाने. भात ठेवावा लागतो.”

प्युत्सनी वही उघडून गुरुवारी अकराची वेळ दिली.

गुरुवारी श्रीनाथने स्टोव्हवर शिजवलेल्या भाताचा पिंड कचेरीच्या खिडकीत ठेवला. हिल्डे नव्या कपड्यांत शेजारी उभी राहिली. बरोबर अकराला कावळा आला. प्युत्स खूश झाले. आयरिश माणूस वेळेवर आलेला त्यांनी प्रथमच पाहिला.

पण कावळा शिवेना. श्रीनाथने समजावलं, मनात काही राहिलं असलं की पितर शिवत नाहीत. ते ओळखून वचन द्यावं लागतं.

“आपली नोंद कॅथलिक म्हणून करू,” प्युत्स खिडकीकडे पाहून अदबीने म्हणाले. कावळ्याने मान फिरवली.

“प्रोटेस्टंट?” कावळा दोन पावलं मागे सरला.

बारा वाजले. जेवणाच्या सुट्टीत कचेरी बंद होते, पितरांसाठीसुद्धा. हिल्डेने रुमाल डोळ्यांना लावला. मग श्रीनाथने हात जोडले. “आजोबा, आमच्या घरात तुम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारणार नाही.”

कावळ्याने झडप घातली. भात खाल्ला, शाईच्या गादीवरून चालत अर्जावर आला आणि उडून गेला. प्युत्सनी पाऊल टिपकागदाने टिपलं. “गेनाऊ, अगदी बरोबर. सही वाचता येत नाही, पण आमच्या साहेबांचीही येत नाही.” त्यांनी शिक्का मारला आणि रकान्यात लिहिलं: ‘समक्ष विचारले. सांगण्यास नकार.’

शनिवारी लग्न झालं. पाठोपाठ श्रीनाथच्या वडिलांचं पत्र आलं. चिरंजीवास आशीर्वाद. सून जर्मन आहे, हरकत नाही. ख्रिस्ती आहे, तेही समजून घेऊ. फक्त एवढंच कळव, की आयरिश लोकांत ते केली नक्की कोण?

श्रीनाथने पत्र खिडकीत वाचलं. समोरच्या झाडावर कावळा बसला होता. त्याने श्रीनाथकडे पाहिलं, तसं श्रीनाथने पत्र पाठीमागे लपवलं.

पत्रावर आपण हसलो, ते ठीकच. पण या गोष्टीत श्रीनाथचं आडनाव कुठेच आलेलं नाही, आणि खरं सांगा, पहिल्यापासून तुम्ही तेच शोधत होतात की नाही?