ड्रॅगनचं देवक

गोंदण निवडावं तर या रवळूनं! हे माझं मीच सांगतो, कारण गावात दुसरं कुणी सांगणार न्हाय.

लढाई संपली तवा आमची पलटण सिंगापुरात हुती. माझ्या जोडीदारानं दंडावर बायकोचं माहेरचं नाव गोंदून घेतलं, आणि सासरी त्या नावानं तिला कुणी वळखत न्हवतं. मी असला येडेपणा करणार न्हवतो. एका चिनी म्हाताऱ्याच्या दुकानात सकाळपासून भिंतीवरची चित्रं बघितली आणि ड्रॅगन निवडला. लांबलचक अंग, खवलं, चार पाय, वर मिशा. गावाकडं सोयरीक जमवायला हातावर असलं कायतरी दांडगं पायजेच.

म्हाताऱ्यानं सुई हातात घेतली आणि मोडक्या हिंदीत इचारलं, "हा कोण, ठाऊक हाय?"

"राक्षस," मी म्हटलं.

त्यानं सुई खाली ठेवली. म्हणाला, "राक्षस न्हवं. आमच्यात ह्यो पाण्याचा धनी. ढगातलं, नदीतलं, जमिनीखालचं, सगळं पाणी ह्याचं. ह्याला लपवायचं न्हाय आणि ह्याच्याबद्दल खोटं बोलायचं न्हाय. कबूल असंल तर हात पुढं कर."

मी कबूल म्हटलं. सिंगापूर कुठं, आमचं मच्छे गाव कुठं! कोण बघायला येतंय?

रजेवर घरी आलो. आयनं, म्हणजे राजाबाईनं, हात बघितला आणि मटकन खाली बसली. "उद्या कडोलीला पोरगी बघायला जायाचंय रं. हे जनावर बघून मारुतीराव आपल्याला दारातनंच माघारी धाडतील."

मारुतीरावांची शालू मी जत्रंत बघितलीवती, लढाईच्या आधी. तिकडं चिखलात झोपताना तीच डोळ्यापुढं असायची. ही सोयरीक मोडली तर मला घरात ऱ्हायचंच न्हवतं.

"बाही खाली सोड," आय म्हणाली. "आणि इचारलंच कुणी, तर नाग म्हण. नागाला कोण नावं ठेवतंय?"

झालं. म्हाताऱ्याला दिलेले दोन्ही शबूद भाकरी खायच्या आत मोडले.

दुसऱ्या दिवशी कडोलीत शिरताना मारुतीरावांच्या मळ्यात अर्धवट खणलेली विहीर दिसली. आत नुसता खडक. मजूर कटाळून निघून गेलते. आम्ही पुढं जाऊन सोप्यात बसलो. वैशाखाचं ऊन, आणि मी मनगटापतुर बटणं लावलेला.

"बाही वर करा की पाव्हणं, उकडतंय," मारुतीराव म्हणाले.

"सवय हाय, मामा." घाम पार कोपरावरनं गळत हुता.

बोलणं झकास चाललंवतं. शेत झालं, पगार झाला. मग त्यांनी देवक इचारलं. दोन्ही घरची देवकं एक निघाली की पोरगा-पोरगी भाऊ-बहीण ठरतात, लगीन बंद.

"आमचं कळंब," आय म्हणाली.

"ब्येस झालं," मारुतीराव हसले. "आमचं नाग."

आयनं माझ्याकडं बघितलं. मी बाहीकडं बघितलं. बाहीत काल रात्रीपासनं नागच बसलावता!

तेवढ्यात शालू चहा घेऊन आली. मी कपाला हात लावला आणि घामानं भिजलेलं बटण तुटून पडलं. बाही वर सरकली. मारुतीरावांची थोरली बहीण अक्काताई शेजारीच बसलीवती.

"अगं बया, ह्यो तर नाग," ती म्हणाली. "कळंब म्हणून सांगितलासा की राजाबाई. देवक चोरून पोरगी नेणार हुतासा व्हय?"

"नाग न्हवं, आत्या!" मी बाही अजून वर केली. "ह्ये बघा, पाय हाईत."

मारुतीराव उभे ऱ्हायले. "आमच्या देवाला पाय लावलासा?"

"आणि मिशा बी," अक्काताई म्हणाली.

"मिशा चांगल्या हाईत, मामा. तुमच्यासारख्याच," मी म्हटलं. बोलून गेल्यावर कळलं, हे बोलायचं न्हवतं.

आय मदतीला धावली. "सरडा हाय वो त्यो. पोराची हौस."

"सरडा गोंदून घेणाऱ्याला आमची पोरगी द्यायची?" मारुतीरावांनी दाराकडं बोट केलं. "टोपी घाला आणि वाटेला लागा."

मी टोपी उचलली. उठून दाराकडं वळलो.

"आबा, थांबा," शालू म्हणाली. मान खाली, पण आवाज खणखणीत. "माझ्या हातावर तुळस काढताना गोंदणारीनं अर्थ सांगितलावता. मेल्यावर संगं येतंय ते गोंदणच, म्हणाली. ह्यास्नी बी कुणीतरी सांगितलंच आसंल. ते इचारा की."

मी टोपी ठेवली आणि सगळं सांगितलं. "ह्यो ड्रॅगन. नाग न्हवं, सरडा न्हवं. चिनी लोकांचा पाण्याचा धनी. लपवू नको म्हणालता, मी लपवला. खोटं बोलू नको म्हणालता, ते तर तुम्ही बघितलंच."

मारुतीराव वाकून हाताकडं बघत ऱ्हायले. "पाण्याचा धनी?"

"व्हय."

"जमिनीखालच्या बी?"

"सगळ्याच."

ते तडक आत गेले. काठी आणायला गेले म्हणून आयनं पदर खोचला. पण आले ते एका हातात सुपारी आणि दुसऱ्या हातात पहार घेऊन. सुपारी तिथंच फोडली. पहार माझ्या हातात दिली.

माझी सगळी रजा त्या विहिरीत गेली. अक्काताई रोज सकाळी ड्रॅगनला हळदकुंकू लावायची, मग मला खाली सोडायचे. सांजचं मारुतीराव काठावरनं वाकून इचारायचे, "काय म्हणतोय धनी?" मी कसा हाय, हे कुणी इचारत न्हवतं. लगीन झालं त्या दिवसापुरता तेवढा वर आलो.

रजा संपत आली आणि पाणी लागलं. गावानं वाजतगाजत हार आणला आणि माझ्या हाताला घातला. गळा तसाच मोकळा.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर निम्मी कडोली पहारी घेऊन अंगणात उभी. सगळ्यांच्याच मळ्यात खडक! मी गपचिप बाही खाली सोडायला लागलो.

"लपवायचं न्हाय म्हणालासा न्हवं?" शालू मागनं म्हणाली.

मी पहार उचलली.