चौथं बटण

बाबा उठले आणि टीव्ही बंद झाला. समोर त्यांची मुलगी बातम्या ऐकत बसली होती, बातम्या देणारा माणूस वाक्याच्या मधोमध होता. पण बाबा पाणी प्यायला उठले होते, आणि उठताना हाताजवळचा स्विच बंद करायचा हा त्यांचा पंचेचाळीस वर्षांचा शिरस्ता होता.

"बाबा, मी बघतेय!"

"मग बघ की," म्हणत बाबा स्वयंपाकघरात गेले आणि परत येताना तिथला दिवा मालवून आले. तिथे अर्धी भाजी चिरून ठेवलेली होती.

बाबा शिंपी. उमेदवारीच्या दिवसांत त्यांच्या उस्तादांनी मोटारीच्या शिलाई मशीनवर बसवण्याआधी एकच धडा दिला होता: पाय काढला की हात स्विचवर. शेजारचा कारागीर एकदा हे विसरला आणि एका वकिलाच्या कोटाची बाही कोपरापर्यंतच उरली. तेव्हापासून बाबांनी कधी चूक केली नाही. तीन वर्षांपूर्वी डोळे अधू झाले म्हणून दुकान बंद झालं, पण हात मात्र अजून नोकरीवरच होता. डोळ्यांना हातभर अंतरावरचं, तेही लख्ख असेल तर, दिसायचं. त्यापलीकडे सगळं धुकं. आहे ते टिकलं तरी पुष्कळ, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

मुलगी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. लोकांना आकाश दाखवायचं एवढाच उद्योग करणारी एक संस्था आहे, देशोदेशी तिची माणसं आहेत, आणि ती लहान गावांना ताऱ्यांचा प्रोजेक्टर वापरायला देते, असं तिनं कुठेतरी वाचलं आणि कुणालाही न विचारता अर्ज ठोकून दिला. अर्ज मंजूर झाला तेव्हा तिचीच पाचावर धारण बसली. खोक्यातून एक फुटबॉलएवढा गोळा निघाला. त्याला हजारभर बारीक छिद्रं आणि पोटात एक इवलासा दिवा. सोबत कागद होता: तारे पडायला घुमट लागतो, तो ज्याचा त्यानं करावा. घुमट उभा राहिल्यावर सहा महिन्यांनी निरीक्षक येऊन बघतील. पसंत पडलं तर प्रोजेक्टर कायमचा तुमचा, नाहीतर रांगेतल्या पुढच्या गावाला.

वाचनालयाच्या अध्यक्षांनी कागद वाचून हात वर केले. बाबांनी तो ऐकून घेतला आणि ते म्हणाले, "माप सांग."

दोन महिने मशीन चालू होतं. मुलगी सुईत दोरा ओवून द्यायची, बाकी सगळं बाबा बोटांनी बघायचे. बाहेरून काळं, आतून पांढरं कापड. चोवीस कळ्या, म्हणजे वर निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्या, प्रत्येकीला शिवणीत जायला दोन बोटं माया, वर दुहेरी शिवण. जमिनीवरच्या गोलाला ते घेर म्हणत. मुलं रांगत आत शिरायची ते भोक म्हणजे गळा. मोठ्या पंख्याची हवा ज्या कापडी बोगद्यातून आत जायची, ती बाही. आणि गळ्याशेजारी, आतल्या अंगाला, एक खिसा. खिशाविना कपडा बाबांच्या हातून आजवर दुकानाबाहेर गेला नव्हता.

"घुमटाला खिसा कशाला, बाबा?"

"असू दे. कधी लागला तर?"

पंखा लावला की वाचनकक्षाच्या मधोमध ते काळं धूड हळूहळू श्वास घेत उठायचं आणि छताला डोकं टेकवून उभं राहायचं. आत शिरलं की बाहेरची दुपार संपायची. मऊ, गार अंधार. पंख्याची एकसुरी घरघर. सतरंजीवर उताण्या पडलेल्या मुलांचा दबका श्वास. मग गोळ्यातला दिवा लागायचा आणि सगळीकडे तारे. बडबडी मुलंसुद्धा त्या क्षणी गप्प होत. सहा महिने दर शनिवारी हे असंच चाललं होतं, आणि या सहा महिन्यांत एकच माणूस एकदाही आत गेला नव्हता. तो बाहेर स्टुलावर बसून पंख्यावरून निसटणारी बाही धरून असायचा.

"बाबा, बाही शिपाईकाका धरतील. एकदा आत चला."

"मला काय दिसणार आहे त्यात? सुईचं नाक दिसत नाही, निघाले तारे बघायला!"

बाबांनी एकदा तरी ते तारे पाहावेत, हे मुलीच्या मनातून मात्र जात नव्हतं. ती लहान असताना जेवणं झाली की तिघं गच्चीवर बसत. मृग नक्षत्रातले ओळीतले तीन तारे दाखवून आई दर वेळी बाबांना डिवचायची, "बघा, तीनच बटणं. चौथं गळून पडलंय. एवढे मोठे शिंपी तुम्ही, लावा की एक!" आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "गिऱ्हाईक घेऊन येऊ दे, लावतो." आई जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

घुमट पहिल्यांदा फुगवला, त्या दिवशी गोळ्यातला दिवा लावायच्या आधीच मुलीला काळोखात एक तारा दिसला होता. तिनं जवळ जाऊन पाहिलं. दोन कळ्यांच्या शिवणीत एक टाका चुकला होता आणि तिथून बाहेरचा उजेड आत येत होता. तिनं बाबांना सांगितलं नाही. तिनं गोळा फिरवत फिरवत असा बसवला, की मृगाचे तीन तारे त्या भोकाच्या ओळीत आले, आणि जमिनीवर खडूनं खूण करून ठेवली. सहा महिने आकाशात चौथं बटण चमकत होतं. फक्त ज्यानं लावलं त्यानंच ते पाहिलं नव्हतं, आणि प्रोजेक्टर गेला तर पाहणारही नव्हता.

निरीक्षक आले ते दोन गाड्या बदलून, चुरगळलेल्या शर्टात. हातात तक्त्यांचा फॉर्म. "हा बेचाळिसावा," ते घुमटाकडे बघून म्हणाले. त्या आवाजात कौतुक नव्हतं. त्यांनी लोखंडी टेप काढून घेर मोजायला घेतला तसे बाबा स्टुलावरून उठले. उठताना शिरस्त्याप्रमाणे त्यांचा हात पंख्याच्या स्विचवर गेला, पण पंखा अजून सुरूच केलेला नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

"साहेब, कापडाला लोखंड नाही लावायचं," असं म्हणत बाबांनी गळ्यातली कापडी टेप त्यांच्या हातात दिली.

शेजारच्या शाळेतली तिसरीची मुलं आली. आज तरी बाबांनी आत यावं म्हणून बाही शिपायानं धरायची असं मुलीनं ठरवलं होतं, पण ऐन वेळी अध्यक्षांनी त्याला निरीक्षकांसाठी चहा आणायला पिटाळलं, आणि बाबा पुन्हा स्टुलावर बसले. मुलीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ती रांगत आत गेली.

आत निरीक्षक मुलांच्या मधोमध आडवे झाले, फॉर्म छातीवर ठेवला आणि त्यांनी एक लांब जांभई दिली. दिवा लागला. मुलं गप्प झाली. मुलगी बोलू लागली. तिचा आवाज कापडातून गाळून बाबांपर्यंत पोचत होता. ते रोजच्यासारखे बाही धरून, डोळे मिटून ऐकत होते. आज मात्र मृगाशी आल्यावर ती रोजच्यापेक्षा निराळं बोलली. कदाचित हा शेवटचा खेळ, म्हणून असेल.

"हे तीन तारे दिसतात ना? माझी आई म्हणायची, ही आकाशाची बटणं. आणि ती माझ्या बाबांना म्हणायची..."

बाबांनी डोळे उघडले. पुढचं त्यांना पाठ होतं, पण ते त्यांना आत जाऊन ऐकायचं होतं. त्यांनी बाहीची दोरी स्टुलाच्या पायाला घट्ट बांधली आणि ते उठले. आणि पंचेचाळीस वर्षांच्या इमानाला जागून त्यांच्या हातानं पंख्याचा स्विच बंद केला.

घरघर थांबली. आत ती शांतता सगळ्यांत आधी मुलीच्या कानावर पडली.

"बाई," एक बारकी मुलगी म्हणाली, "आकाश खाली येतंय."

येत होतं खरंच. अगदी सावकाश, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं. ओरडावं तर तीस मुलं एकाच गळ्याकडे धावणार आणि कुणीतरी चेंगरणार. निरीक्षकांकडे बघायचा धीर होत नव्हता. प्रोजेक्टर गेला, हे तिनं मनातल्या मनात मान्यच करून टाकलं, आणि त्यानंच तिचा आवाज जरा स्थिर झाला.

"हो," ती म्हणाली. "नेहमी आपण ताऱ्यांकडे बघतो. आज तारे आपल्याला बघायला आलेत. कुणी उठायचं नाही. फक्त हात वर करा आणि त्यांना झेला."

साठ हात वर झाले. तारे खाली उतरता उतरता लहान आणि लख्ख होत गेले. कुणाच्या तळहातावर आठ आले, कुणाच्या कोपरावर तीन. एका मुलाच्या नाकावर एकच, पण टपोरा. कुणी हसेना, कुणी हलेना. निरीक्षकांचे दोन्ही हात कधी वर गेले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. एकेचाळीस घुमटांत लांबून पाहिलेलं आकाश पहिल्यांदाच त्यांच्या बोटांना लागत होतं, आणि छातीवरचा फॉर्म घरंगळून कुठे गेला याची त्यांना शुद्ध नव्हती.

एवढ्यात गळ्यातून बाबांचं डोकं आत आलं. "काय झालं? शिवण उसवली का?"

"नाही बाबा. पंखा बंद झालाय."

"कुणी केला?" बाबा रागानं म्हणाले. मग त्यांची नजर आपल्याच उजव्या हाताकडे वळली.

"असू दे. तुम्ही आत या. इकडे, माझ्याजवळ."

बाबा रांगत आले. लोंबणारं कापड त्यांच्या कपाळाला लागत होतं. सवयीनं त्यांनी आधी शिवणीवरून बोट फिरवलं आणि डोळे किलकिले करून बोटाकडे पाहिलं. बोटावर उजेडाचा ठिपका होता. शेजारी दुसरा. तिसरा. हातभर अंतरावर, लख्ख.

"हे..." बाबा म्हणाले.

"हो."

"तीन बटणं ही."

"हो, बाबा."

बाबांचं बोट ओळीनं पुढे सरकलं आणि अडलं. "आणि हे चौथं कुठलं?"

मुलगी हळूच म्हणाली, "ते तुम्ही लावलेलं. तिथे टाका चुकलाय तुमचा."

बाबांनी त्या जागेवरून दोनदा, तीनदा बोट फिरवलं. पंचेचाळीस वर्षांत टाका चुकला असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणायची कुणाची बिशादही नव्हती. आता ते रागावतील असं मुलीला वाटलं. पण ते तसेच गुडघ्यांवर बसून राहिले, डोक्यावर आकाश घेऊन, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मुलांनी हात वर धरूनच ठेवले होते.

शिपाई चहा घेऊन आला, घुमट बसलेला पाहून त्यानं बोंब ठोकली आणि पंखा लावला. आकाश वर गेलं. "पुन्हा! पुन्हा!" मुलांनी एकच गिल्ला केला.

घरंगळलेला फॉर्म शोधून घेऊन बाहेर आल्यावर निरीक्षकांनी पेन उघडलं. "मॅडम, हे तुम्ही दर खेळाला करता?"

मुलगी खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा पुढे झाले. "साहेब, तिची काही चूक नाही. स्विच मी बंद केला."

"म्हणजे त्यासाठी खास माणूस आहे?"

"आहे ना. मीच. उठलो की बंद करतो."

"किती वर्षं करताय?"

"पंचेचाळीस," बाबा खालच्या मानेनं म्हणाले.

निरीक्षकांनी ते लिहून घेतलं. फॉर्मवर 'नवीन कल्पना' असा एक रकाना होता. एकेचाळीस गावांत तो त्यांनी कोरा सोडला होता. आज तो भरून मागच्या पानावर गेला. जाताना त्यांनी बाबांना कापडी टेप परत दिली आणि चहाला मात्र नको म्हणाले, कारण तो एव्हाना गार झाला होता.

महिन्याभरानं पत्र आलं. प्रोजेक्टर कायमचा वाचनालयाला दिला होता. अध्यक्षांनी 'आपण आधीच म्हटलं होतं' असं सगळ्यांना सांगितलं. पण पत्राखाली ताजा कलम होता, आणि तो मुलीनं घरी बाबांना वाचून दाखवला.

"काही देशांतल्या केंद्रांनी आकाश खाली आणण्याची आपली पद्धत वापरून पाहिली असून ती मुलांना फार आवडली आहे. मात्र निरीक्षकांच्या अहवालातला मृगाचा चौथा तारा अन्य घुमटांत आढळत नाही. तो कसा बसवावा, कृपया कळवावे."

बाबांच्या मांडीवर काळ्या कापडाचं ठिगळ आणि सुई होती. भोक बुजवायला म्हणून ते दोन दिवसांपूर्वी काढून ठेवलं होतं, पण मुलगी काही दोरा ओवून देत नव्हती.

"टाका चुकला असं लिहिणार तू? जगभर?"

"मग काय लिहू?"

बाबांनी ठिगळाची घडी घातली. "लिही, की सतराव्या कळीला शिवताना शिंप्याचं मन जरा दुसरीकडे जावं लागतं. मग आपोआप होतो."

मुलगी लिहू लागली. मध्येच तिनं मान वर केली. "कुठे गेलं होतं, बाबा?"

"ते नको लिहू," बाबा म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. खोलीतला दिवा गेला. अंधारात मुलगी पेन तसंच धरून बसून राहिली, आणि त्या रात्री पहिल्यांदाच तिनं त्यांना हाक मारली नाही.