टॉवेल गुंडाळलेली घंटा

माणसांशी नीट बोललं की रेल्वेसुद्धा ऐकते, असं माझं ठाम मत होतं. त्या सोमवारी सकाळपर्यंत तरी होतं.

आमचं स्टेशन म्हणजे फाट्याच्या लाइनीचं शेवटचं टोक. पुढे रूळच नाहीत. एकच गाडी, तीच जंक्शनला जाते आणि तीच परत येते. माझी बाळंतपणाची रजा संपली होती. एक वाजायच्या आत जंक्शनजवळच्या ऑफिसात हजेरीची सही केली नाही, तर माझ्या जागी तात्पुरती आलेली मुलगी कायमची होईल, असं साहेबांनी बजावलं होतं. आणि आमचे चिरंजीव रात्रभर रडून नेमके गाडीच्या वेळेला खांद्यावर झोपले.

मी स्टेशनमास्तरांना गाठलं. "काका, घंटा जरा हळू वाजवता येईल?"

"घंटा ती घंटा. हळू कशी वाजणार?" म्हणत त्यांनी बाळाकडे पाहिलं आणि गळ्यातला टॉवेल काढून घंटेच्या लोलकाला गुंडाळला. घंटा उशीला थापटी मारल्यासारखी वाजली. ड्रायव्हरने शिट्टीऐवजी हात हलवला. डब्यात एका मावशींनी शिंकणाऱ्या नवऱ्याला थेट दाराशी नेऊन उभं केलं. "शिंका तिकडे. पोर उठलं तर तुम्हीच जोजवा." गार्डने तिकीट खुणेनेच मागितलं, खुणेनेच परत दिलं.

मी मात्र बाळाला मांडीवर घेऊन डोळे ताणून बसले. श्वास घेतोय ना? टोपी नाकावर तर नाही आली? पण इतकी शांतता सहा महिन्यांत मिळाली नव्हती हो! पाठ टेकली. मिनिटभरच.

डोळे उघडले तर मांडी रिकामी. खिडकीतून पाहते, तर समोर आमचंच स्टेशन. फलाटावर गार्डच्या कडेवर आमचे चिरंजीव, गार्डचीच टोपी चोखत.

"जंक्शन कुठेय?" मी किंचाळले.

"येऊन गेलं," गार्ड कुजबुजला. "बाळ तिथेच उठलं. पण ताई, तुम्ही इतक्या गाढ झोपला होतात, तुम्हाला उठवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. त्या मावशी तर चपला हातात घेऊन उतरल्या."

घड्याळात दीड. मास्तरांच्या टेबलावरून साहेबांना फोन लावला. थाप सुचेना. शेवटी खरं तेच सांगितलं, "साहेब, गाडीत झोप लागली."

साहेब म्हणाले, "उद्या दहाला या. आणि बाई, झोपायचं काम ऑफिसात येऊन करायचं असतं."