रिकाम्या खुर्चीतला माणूस

डेल्मर स्ट्रॉइकने फक्त दोन मिनिटं टेकायचं ठरवलं होतं. खुर्ची समोर होती, रिकामी होती, आणि जुलैच्या उन्हात सकाळपासून उभं राहून त्याच्या पायांचे तुकडे पडले होते. अशा वेळी माणूस खुर्ची कुणाची आहे याची चौकशी करत नाही, नुसता बसतो. जगातल्या बऱ्याच भानगडी अशाच बसल्या जागी होतात.

डेल्मर म्हणजे आमच्या एल्म फोर्क गावचा स्वयंघोषित परीक्षक. परीक्षक कशाचा, तर ड्रम कोअरचा. उन्हाळा लागला की दीडशे पोरंपोरी बसगाड्यांतून गावोगाव हिंडतात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, आणि संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर ढोल, पितळी वाद्यं नि झेंडे घेऊन असं काही धावत वाजवतात की बघणाऱ्यालाच दम लागावा. परीक्षक बघता बघता हातातल्या रेकॉर्डरमध्ये बोलत जातात आणि शेवटी शंभरापैकी गुण देतात, तेही दशांशासकट. डेल्मरला परीक्षक म्हणून कुणी कधी बोलावलं नव्हतं. (सतराव्या वर्षी तो आमच्या गावच्या संघात, प्रेअरी लँटर्न्समध्ये, भरती व्हायला गेला होता. ‘तुझे पाय आणि ढोल यांचं आपसात बोलणं नाही,’ असं सांगून त्याला दुपारीच घरी पाठवलं.) मैदानावर जायला मिळालं नाही, तेव्हा तो स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या रांगेत जाऊन बसला आणि स्वतःचा रेकॉर्डर तोंडाशी धरून गुण द्यायला लागला. पुढे ती सवय घरातही आली.

“ऑम्लेट ब्याऐंशी पूर्णांक तीन,” तो नाश्त्याला म्हणायचा. “सुरुवात दमदार. शेवटी शेवटी कडा करपल्या.”

“भांडी घास,” त्याची बायको आर्डिस म्हणायची, “म्हणजे पंच्याऐंशीपर्यंत जाईल.”

यंदा मात्र डेल्मरचा जीव टांगणीला लागला होता. मोसमाच्या शेवटी इंडियानापोलिसला मोठी स्पर्धा असते आणि तिथे शेवटच्या रात्री फक्त पहिले बारा संघ उतरतात. लँटर्न्स तेरावे होते. बाराव्या जागेवर हार्बर गार्ड ठाण मांडून बसले होते, आणि दोघांत अंतर जेमतेम अर्ध्या गुणाचं. लँटर्न्स याआधी त्या बारांत गेले तेव्हा डेल्मरच्या डोक्यावर केस होते. मरायच्या आधी एकदा त्यांना तिथे बघायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. (तशी आर्डिसची इच्छा गॅरेज आवरून व्हावं अशी होती, पण तिला कोण विचारतो!)

आणि नेमकं यंदाच्या कार्यक्रमाचं नाव होतं ‘रिकामी खुर्ची’. मैदानाच्या मधोमध चाकांच्या पाटावर एक जुनी, ऐसपैस, लाल मखमली आरामखुर्ची. कुणीतरी घरातून कायमचं गेलंय, त्याची ही खुर्ची. पोरं एकेक करून येणार, तिच्यावर कुणी कोट, कुणी हॅट, कुणी शाल ठेवणार, वाजवणार, रडणार आणि निघून जाणार. डेल्मरला हे अजिबात पटलं नव्हतं.

“अरे, खुर्चीत कुणी नाहीच,” तो महिनाभर शेजारच्या वेन्डेलला सांगत होता, “तर रडायचं कुणाच्या नावानं?”

“मखमलीच्या,” वेन्डेल म्हणायचा. “महाग झालीय.”

तर त्या दिवशी लँटर्न्सचा घरच्या मैदानावरचा कार्यक्रम होता. डेल्मर पहाटेपासून सरावाला हजर. दुपारी त्याने तीन ब्राटवुर्स्ट सॉसेज, वाटीभर तळलेलं चीज आणि आर्डिसच्या वाटचा चेरी पाय एवढं पोटात घातलं. संध्याकाळी स्टेडियममागच्या पार्किंगमध्ये ढोलवाले हात मोकळे करायला लागले. खरा रसिक हे चुकवत नाही, आणि डेल्मर ते डोळे मिटून ऐकायचा. डोळे उघडे ठेवले की कान आळशी होतात, हे त्याचं जुनं मत. डोळे मिटून उभं राहिलं की तोल जातो, हाही जुनाच अनुभव. शेजारी ती खुर्ची होती.

तो बसला. मखमल दिवसभराच्या उन्हाने उबदार झाली होती. छोटे ढोल तडतडत होते, मोठे ढोल पोटातून घुमत होते, पलीकडच्या मक्याच्या शेतावरून गार वारा येत होता. “डावीकडचा तिसरा... किंचित... घाई...” एवढंच तो रेकॉर्डरमध्ये बोलला, आणि हात मांडीवर पडला.

थोड्या वेळाने सामान आत ढकलायला पोरांच्या पालकांपैकी दोघं आले. दोघेही नवे.

“हा म्हातारा पण आत जायचाय का?”

“असेल बुवा. सकाळीच म्हणत होते, शेवट बदललाय. रोज काहीतरी बदलतातच.”

“झोपलाय की रे!”

“झोपला नाही, भूमिकेत शिरलाय. ढकल.”

आणि त्यांनी ढकलला.

डेल्मरला वाटलं, आपण होडीत आहोत. लहानपणी बाप त्याला तळ्यावर न्यायचा ती होडी. पाणी संथ होतं, आभाळ फिकट जांभळं होतं, आणि तो एकेका ढगाला गुण देत चालला होता. मग होडी थांबली. कुठूनतरी लाउडस्पीकरवर आवाज आला, “सादर आहे, रिकामी खुर्ची!” आणि हजारो माणसं एकदम गप्प झाली.

त्याने डोळे किलकिले केले. समोर हिरवंगार गवत, पांढऱ्या रेषा, मावळतीचा सोनेरी उजेड, आणि त्या उजेडातून एक पोरगी हळूहळू त्याच्याकडे चालत येत होती. अरे, हे तर नेहमीचंच स्वप्न! हे त्याला आठवड्यातून दोनदा पडायचं. त्यात तो मैदानाच्या मधोमध असायचा आणि त्याला घरी जा म्हणणारं कुणी नसायचं. तो समाधानाने हसला.

पोरगी मात्र जवळ येऊन क्षणभर थबकली. खुर्ची रिकामी असायला हवी होती. पण लँटर्न्सच्या पोरांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की आभाळ कोसळलं तरी थांबायचं नाही. तिने शाल त्याच्या खांद्यावर घातली.

“आजोबा,” ती ओठ न हलवता पुटपुटली, “तुमचं कधी ठरलं?”

“चाळीस वर्षं झाली,” डेल्मर तितक्याच हळू म्हणाला.

दुसऱ्याने येऊन कोट पांघरला. तिसऱ्याने हॅट डोक्यावर ठेवली, ती नाकापर्यंत उतरली. ढोल दूर कुठेतरी वळवाच्या पावसासारखे वाजत होते. मग सगळं शांत झालं. पितळी वाद्यवाले पासष्ट जण अर्धवर्तुळ करत त्याच्याभोवती आले, वाद्यं वर उचलली, आणि तो सूर आला! वरच्या रांगेत तो कानांनी ऐकू यायचा, इथे तो छातीच्या फासळ्यांतून, दातांतून, खुर्चीच्या लाकडातून आला. डेल्मरचे डोळे भरून आले. गुण द्यायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. एवढ्या सुंदर गोष्टीच्या आत आपल्याला बसायला मिळालं, या एका आनंदाने म्हातारा ढसाढसा रडला.

मग पोरं पाठ फिरवून निघाली. कार्यक्रमात तसंच होतं, पण डेल्मरला वाटलं स्वप्न संपायला आलं. “अरे, थांबा!” म्हणत तो उठला. उजवा पाय झोपलेला. शाल ओढत, हॅट सावरत, ढोलाच्या ठेक्याशी काडीचाही संबंध नसलेल्या पावलांनी तो त्यांच्यामागे निघाला. हात पुढे केलेला. पोरं दूर दूर जात राहिली. तो मधोमध एकटाच पोचला आणि शेवटचा सूर विरला.

मग अख्खं स्टेडियम उठलं. त्या आरोळ्यांनी डेल्मर खाडकन जागा झाला. त्याने पायाखाली पाहिलं. गवत खरं होतं. ‘मेलो,’ त्याला वाटलं. ‘चाळीस वर्षं ज्यांच्यासाठी घसा फोडला, त्यांनाच बुडवलं मी.’

बाहेर आल्यावर लँटर्न्सची संचालिका रोझाना कुबिआक धावतच आली. तिच्या हातात गुणांचा कागद होता.

“मिस्टर स्ट्रॉइक, तुम्ही आत कसे गेलात?”

“झोपेत,” डेल्मर काकुळतीला येऊन म्हणाला. “मुली, देवाशपथ, झोपेत. वाटल्यास माझा मोसमाचा पास काढून घे.”

“पास कसला! आपण हार्बर गार्डच्या पुढे गेलो! परीक्षक म्हणतोय, शेवटाला त्या गेलेल्या माणसाचा आत्मा पोरांच्या मागे निघतो, त्याला ठेका पकडता येत नाही, ते बघून मला रेकॉर्डरमध्ये बोलवेना. नियमांचं विचारून घेतलंय, हरकत नाही. शनिवारी याल ना?”

आर्डिस विणकामाची पिशवी घेऊन वरून उतरत होती. तिच्यामागे वेन्डेल डोळे पुसत होता.

“काय चालला गं तो!” वेन्डेल म्हणाला. “एका पावलात सगळं दुःख!”

“दुःख कसलं,” आर्डिस म्हणाली. “मुंग्या आल्या होत्या पायाला.”

पण डेल्मर आता जमिनीवर कुठे होता! शनिवारपर्यंत त्याने घर डोक्यावर घेतलं. आरशासमोर उभा राहून तो थरथरायचा. जिन्यावरून हात पुढे करून उतरायचा. जेवताना मध्येच चमचा खाली ठेवून शून्यात बघायचा.

“मीठ कमी आहे का?” आर्डिसने विचारलं.

“मी मेलोय, आर्डिस. मेलेल्या माणसाला मीठ कळत नाही.”

“मग बटाटे मला दे.”

शनिवारी खुर्चीत डेल्मर टक्क जागा होता. पहिली पोरगी शाल घेऊन आली तेव्हा त्याने असा हुंदका दिला की ती दचकून मागे सरली. कोट घालताना त्याने छाती धरली. हॅट आल्यावर आकाशाकडे बघून दोन्ही हात पसरले. पितळी वाद्यांचा तो सूर आला, पण डेल्मरला तो नीट ऐकूच आला नाही, कारण पुढचा अश्रू कुठल्या डोळ्यातून काढायचा याच्या विचारात तो होता. शेवटी तो ठरवून लंगडला, ठरवून अडखळला आणि गुडघ्यावर पडून त्याने गवताचा मुका घेतला. प्रेक्षकांतून हसण्याचा आवाज आला. प्रथमोपचारवाले पेटी घेऊन रेषेपर्यंत आले.

लँटर्न्स पुन्हा तेरावे.

कुबिआकबाईंनी त्याला परीक्षकाचा रेकॉर्डर ऐकवला. परीक्षक तोच होता आणि त्याचा आवाज दुखावलेला होता. “तो आधीचा म्हातारा कुठे गेला? किती साधा, किती खरा होता! हा नवा नट कुठून आणला? याला घरी पाठवा आणि त्याला परत बोलवा.”

सतराव्या वर्षी जसा परतला होता तसाच डेल्मर पार्किंगमधून गाडीकडे चालत गेला. यावेळी पोरांचं वर्षही आपल्या हाताने वाया गेलं, हे त्याला जास्त लागलं होतं.

“मी झोपून बघू का?” वाटेत त्याने विचारलं. “ब्राटवुर्स्ट खाऊन?”

“नको रे बाबा,” आर्डिस पहिल्यांदाच मायेनं म्हणाली. “तू आपला वर बस. माझ्याजवळ.”

इंडियानापोलिसला उपान्त्य फेरीत खुर्ची रिकामीच गेली. डेल्मर वरच्या रांगेत बसला होता. रेकॉर्डर काढलाच नव्हता. पोरगी शाल घेऊन आली, खुर्चीपाशी थबकली, आणि जिथे त्याचा खांदा असायचा तिथे हवेतच तिचा हात घुटमळला. दुसऱ्याने हॅट ठेवली ती मखमलीवरून घसरून खाली पडली. मग वाद्यं वर उचलली गेली आणि तो सूर आला, आणि यावेळी डेल्मरला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आला. रडायचं कुणाच्या नावानं, हे त्याला आता विचारावं लागलं नाही. वर अंधार होता, खाली उजेडात ती एक लाल खुर्ची होती, आणि तिच्याकडे बघता बघता आपण खरंच कुठेतरी दूर निघून गेलोय आणि तिथून हे सगळं बघतोय असं त्याला वाटत राहिलं.

निकाल लागला. लँटर्न्स बारावे! अंतिम रात्रीला लँटर्न्स! वेन्डेलने अनोळखी बाईला मिठी मारली. कुबिआकबाई धापा टाकत वर आल्या आणि त्यांनी रेकॉर्डर डेल्मरच्या कानाला लावला.

“त्या म्हाताऱ्याला मी या मोसमात पाहिलंय,” परीक्षक बोलत होता. “म्हणून आज खुर्ची रिकामी बघून गलबलून आलं. कुणी नसण्यात केवढी शोभा असते, हे मला आज कळलं.”

डेल्मरने बाहीने डोळे पुसले आणि छाती काढून आर्डिसकडे वळला.

“ऐकलंस? माझ्यामुळे गेले बारांत.”

“हो तर,” आर्डिस लोकरीचा गुंडा पिशवीत भरत म्हणाली. “तू नव्हतास, म्हणून किती छान झालं! आता घरीपण असाच अधूनमधून नसत जा.”