वाढलेला मेळावा

आमच्या नळीकाकांसमोर ‘फुटलं’ म्हणायची सोय नाही. आरसा, बल्ब, बरणी, मोबाइलची काच, काहीही असो, तो शब्द कानावर पडला की काका डोळे गच्च मिटतात आणि ओरडतात, "वाढलं म्हण वं सुषमे, वाढलं!" एकदा माझ्या हातून त्यांच्यापुढेच काचेचा पेला सटकला. मी "अगं बाई, फुट..." एवढंच म्हणाले असेन, तर हा माणूस पायाशी पडलेल्या तुकड्यांची पर्वा न करता माझ्यावर खेकसला. मग खाली बसून एकेक तुकडा वेचला, उजेडात धरला, नखानं वाजवला आणि निकाल दिला, "भट्टीतच कच्चा राह्यला होता बिचारा. तुही काई चूक नाई." चूक नाही म्हणे! मग खेकसले कशाला होते?

आता तुम्ही म्हणाल, बांगडीला ‘वाढली’ म्हणतात, नारळाला म्हणतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. अहो, पण काही मर्यादा! काकांची आई अचलपूरच्या बाजारात बायकांना बांगड्या भरायची. बांगडी फुटली असं तोंडातून काढायचं नाही, वाढली म्हणायचं, हे बाळकडू त्यांना तिथं मिळालं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की अख्ख्या दुनियेतली काच आईच्या दुकानात नेऊन ठेवली.

कागदावर त्यांचं नाव दिगांबर तायडे. अमरावतीच्या एका सायन्स कॉलेजात ते एकतीस वर्षं ग्लास ब्लोअर होते. म्हणजे बर्नरच्या जाळावर काचेची नळी लाल करायची, वाकवायची, फुंकायची आणि प्रयोगशाळेला लागतील ते चंबू आणि नळ्या बनवायच्या. एकदा पोरांनी एका आठवड्यात बारा चंबूंचा निकाल लावला. काकांनी साहेबांना चिठ्ठी पाठवली, ‘बारा चंबू वाढले आहेत.’ साहेब नवीन, पुण्याकडचे. त्यांनी खाली शेरा मारला, ‘अभिनंदन. वाढीव चंबू गोदामात ठेवावेत.’ काकांनी सगळा चुरा गोणीत भरला आणि गोदामात नेऊन ठेवला. साहेबाचा हुकूम होता ना!

राजापेठेत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, त्याला लागून काकांचं घर. एकटा जीव. निवृत्त झाल्यापासून ओसरीत बर्नर लावून बसतात आणि काचेची जनावरं करतात. बदक फस्क्लास. मोर तर बघत राहावा असा. वाघ मात्र हुबेहूब मुंगसासारखा. मी म्हटलं, काका, सेमाडोहला जाऊन एकदा खरा वाघ पाहून या ना. गेले. तीन दिवस राहिले. परत आल्यावर मी विचारलं, दिसला का?

"वाघ नाई दिसला," काका म्हणाले. "मुंगूस दिसलं."

काकांचा सगळा जीव काचमेळाव्यात. तो त्यांनीच सुरू केलेला. वर्षातून दोन दिवस, एकदा अमरावतीला, पुढच्या वर्षी अकोल्याला. वऱ्हाडात जो कोणी काचेला हात लावतो तो तिथं यायचा. अकोल्याच्या शकीलाआपा बांगड्यांचे गठ्ठे घेऊन यायच्या. नांदगाव खंडेश्वरचे गवई गुरुजी काचेच्या पाठीमागून उलटं चित्र रंगवतात. त्यांच्या बुद्धाचे डोळे पाहिले की आपण आपोआप हळू बोलायला लागतो. धारणीहून सुगंती यायची, मण्यांच्या माळांचं गाठोडं मांडीवर धरून, एक जीप आणि दोन बस बदलत. सगळी मिळून चोवीस टेबलं लागायची, आणि काका इस्त्रीचा शर्ट घालून मधल्या टेबलावर बर्नर मांडायचे.

मग तो आजार आला. मेळाव्याला आठ दिवस राहिले होते आणि सगळंच बंद झालं. काकांनी एकेकाला फोन लावला. ‘रद्द’ हा शब्दही त्यांच्या तोंडातून निघेना. "मेळावा वाढला बापा," असं म्हणायचे, पण इतक्या रडक्या आवाजात की समोरच्याला बरोबर समजायचं. पुढच्या माघात पुन्हा तारीख धरली, तर आमच्या अमरावतीनं काय करावं? सगळ्यांच्या आधी पुन्हा बंद व्हायचा मान पटकावला! पुन्हा चोवीस फोन, पुन्हा तोच सूर. मी शेजारच्या दुकानात बसून ऐकायची आणि मला हसू पण यायचं आणि वाईट पण वाटायचं.

तिसऱ्यांदा काकांनी श्रावण धरला. बांगड्यांचा महिना. बस चालू झालेली, दुकानं उघडलेली, आणि चातुर्मासात लग्नं नसतात म्हणून बडनेरा रोडवरचं मंगल कार्यालय रिकामं. काका रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी माझ्या पायरीवर हजर.

"यंदा झालाच पायजे, सुषमे. यंदा वाढला त मेळावा संपला समज. आपा प्लास्टिकच्या बांगड्या ठेवतो म्हणून राह्यली. गुरुजीनं फ्लेक्सवाल्याकडं काम धरलं. सुगंती बजारात भेंड्या विकून राह्यली. काच एकदा हातातून गेली का हात इसरते."

आणि तयारी तरी कसली! तोंडाला मास्क लावून काच फुंकायची कशी, हा प्रश्न होता. काकांनी मास्कला मधोमध नळी बसेल एवढं भोक पाडलं आणि त्यावर कापडाची झडप शिवली. फुंकताना झडप वर, फुंकून झालं की झडप खाली. तो मास्क लावून, नळी तोंडात धरून ते मला दाखवायला आले तेव्हा साक्षात किटली दारात उभी आहे असं वाटलं. मी हसून हसून टेबलाखाली गेले. काका रागावून झडप खाली पाडून निघून गेले.

मेळाव्याला तीन दिवस असताना अर्जावर उत्तर आलं, ‘प्रदर्शनास परवानगी देता येत नाही.’ काकांनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. त्या दिवशी त्यांचा घसा बसला तो बसलाच. फोनवर बोलणं शक्यच नव्हतं. म्हणून माझ्या मोबाइलवरून मेळाव्याच्या ग्रुपवर निरोप टाकायचं ठरलं.

"लिही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काचमेळावा वाढवण्यात आला आहे. सर्वांनी नोंद घ्यावी."

"काका, सरळ ‘रद्द’ लिहू द्या न. लोकायचा घोळ होईन."

"काचेची माणसं हायेत ते. त्यायले समजते."

"अवो, दीड वर्ष झालं टीव्हीवर रोज सांगून राह्यले, लॉकडाऊन वाढला, लॉकडाऊन वाढला..."

"तुहा टीव्ही गेला खड्ड्यात! माह्या मेळाव्याले मी तो शब्द लावणार नाई."

मग मीही चिडले. माझं मेलं काय जातंय! टाइप केलं आणि दिलं सोडून. दोन मिनिटांत खाली अंगठे आले, फुलं आली, जोडलेले हात आले आणि धारणीहून एक लाल झग्यातली नाचणारी बाई आली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. बंद पडलेल्या मेळाव्याला कोणी नाचणारी बाई पाठवतं का?

शनिवारी सकाळी मंगल कार्यालयाच्या चौकीदाराचा फोन. "मॅडम, तुमची माणसं आली अन् टेबलं मांगून राह्यली."

काकांना बर्नरच्या पेटीसकट स्कूटीवर मागे बसवून गेले तर फाटकात अकरा जण उभे. चोवीसांतले अकरा. शकीलाआपा टेम्पो भरून माल घेऊन आल्या होत्या, कारण मेळावा वाढला म्हणजे दोनाचे पाच दिवस तरी झाले असणार. सुगंतीनं तर पाच दिवसांच्या भाकरी बांधून आणल्या होत्या.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. घोगऱ्या आवाजात सगळा खुलासा केला. शकीलाआपा कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"लॉकडाऊन बढ़ा तो आगे गया, और मेला बढ़ा तो बंद हो गया? ये कौनसी जबान है भाईजान?"

"काचेची," काका म्हणाले.

"अरे, मी पण काचवालीच ना! आमच्यात चूडीले ठंडी झाली म्हणतात. ‘मेळावा ठंडा’ लिवलं असतं त मी घरीच बसली असती!"

"‘वाढवण्यात आला’ म्हणजे मुदत वाढवली, मी मात्र व्याकरणानं बरोबर वाचलं होतं," गवई गुरुजी शांतपणे म्हणाले. त्यावर आपा जे काही म्हणाल्या ते मी लिहीत नाही.

एवढा गलका झाल्यावर हवालदार येणारच. गाडी लावली, काठी काढली. "कायची गर्दी हाये? प्रदर्शनाले परवानगी नाई, मालूम हाये न? लगन असतं त माणसं चालली असती."

"मंग लगन लावा," काका म्हणाले.

"कोनाचं?"

"माह्यं."

"चातुर्मासात?"

"सदुसष्ट वर्षं थांबलो, आता मुहूर्त कायले पाहू?"

"अन् नवरी?"

काकांनी आजूबाजूला नजर फिरवली. शकीलाआपा घाईघाईनं गठ्ठ्यामागे सरकल्या. "मेरे मियाँ टेम्पो में बैठे हैं, हाँ!" तिकडून टेम्पोतून खरंच एक हात हलला. हवालदाराला हसू आवरेना. पण तेवढ्यात त्याची नजर काकांच्या मास्कवर गेली.

"हे भोक कायचं?"

"फुंकायचं." काकांनी झडप उघडून दाखवली.

हवालदार दोन पावलं मागे सरकला. शेवटी तो म्हणाला, "हे पाहा, गिऱ्हाईक एक पण आत येनार नाई. फाटक बंद. लांबून आले तुमी लोक, दम खा, भाकर खा, सामान बांधा. दूर दूर बसा. बारा वाजता मी येतो, तवा हॉल रिकामा पायजे."

तो गेला. फाटक लागलं. दूर दूर खुर्च्या टाकून सगळे बसले. मग गुरुजींनी आपली एक काच कापडातून काढून टेबलावर उभी केली. "आणलंच आहे तर मांडू द्या. एकमेकांना दाखवू."

आणि काय मजा आली म्हणून सांगू! इतकी वर्षं ही माणसं एका छताखाली यायची, पण जो तो आपल्या टेबलाला बांधलेला. गिऱ्हाईक सोडून कोण उठणार? कोणी कोणाचं काम धड पाहिलंच नव्हतं. शकीलाआपांनी पहिल्यांदा पाहिलं की गुरुजी आधी डोळ्यातला ठिपका काढतात आणि चेहरा सगळ्यात शेवटी. "या अल्ला, उलटा धंदा!" त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून, अंतर ठेवून, तिथंच बसल्या. सुगंतीनं गुरुजींना लाल-पांढऱ्या मण्यांची माळ दिली आणि ती घालून गुरुजी नवरदेवासारखे हॉलभर फिरले. आपांनी सुगंतीच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. प्रत्येक जण विकणारा आणि प्रत्येक जण गिऱ्हाईक. असा मेळावा मी जन्मात पाहिला नाही.

काका मात्र बाहेर पायरीवर बसून राहिले. पेटी उघडलेली नाही, बर्नर काढलेला नाही.

"चला न काका. लावा न जाळ."

"राहू दे."

"काहून राहू दे? मेळावा झाला न शेवटी!"

काकांनी पेटीवरून हात फिरवला. मग मास्क हनुवटीवर ओढून म्हणाले, "एकतीस वर्षं मी मांगच्या खोलीत होतो, सुषमे. चंबू झाला का शिपाई घेऊन जाय. पोरं त्यात प्रयोग करत, सायबायले बक्षिसं भेटत. निरोपाच्या दिवशी एका प्रोफेसरानं मले हार घातला अन् इचारलं, तुमी कोन्या खात्यात होते? म्हणून काढला मी हा मेळावा. जाळ लावला का माणसं पुढं येऊन उभी राह्यत. दोन दिवस. मले वर्षभर पुरत. आता दोन वर्षं झाले, मले करतानी कोनीच पाह्यलं नाई. एखाद्या वेळी वाटते, मी खरंच करून राह्यलो का नुसताच बसलो आहो."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. एका भिंतीपलीकडे बसते मी. त्यांच्या ओसरीत शंभर वेळा चहा प्यायले, वाघाला मुंगूस म्हणून हसले, आणि एक बदक पहिल्यापासून शेवटपर्यंत उभं राहून कधी पाहिलं नाही. घाई! झेरॉक्स काढायची घाई!

मी डोळे पुसून उठले. आत गेले आणि ओरडले, "काका जाळ लावून राह्यले, सगळे या!"

सगळे हॉलमधल्या मधल्या टेबलापुढे आले. हातभर अंतर सोडून एका ओळीत उभे राहिले. काकांनी दारातून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, उठले आणि पेटी घेऊन आत आले. बर्नर लावला, नळी धरली, झडप वर केली. काच लाल झाली, मग नारिंगी, मग मधासारखी ओघळायला लागली. गाल फुगवून त्यांनी हलकेच फुंकलं आणि नळीच्या टोकाला पोट आलं. कोणी खोकलंसुद्धा नाही. बारा वाजले. हवालदार फाटक उघडून आत आला, काठी काखेत धरून ओळीच्या टोकाला उभा राहिला आणि घड्याळाकडे बघायचं विसरला.

चिमट्यानं मान ओढता ओढता काका मधेच थांबले. जाळावरून नजर वर करून, त्या बसलेल्या आवाजात, पण केवढ्या ऐटीत त्यांनी विचारलं, "मांगच्यायले दिसून राह्यलं का?"

आम्ही एका ओळीत तेरा जण होतो. मी मागे वळून पाहिलं. भिंतीपर्यंत नुसत्या प्लास्टिकच्या रिकाम्या खुर्च्या.

"दिसून राह्यलं, काका," मी म्हटलं. "सगळ्यायले दिसून राह्यलं."