वेंडेल बासष्टचा आहे, हे सिद्ध कोण करणार?

"पाच मिनिटांचं काम! जातो, सही करतो, कर्जाला रामराम!" असं बायकोला, डार्लीनला, बजावून वेंडेल क्रॅबट्री अमेरिकेतल्या डेटनच्या कोर्टात आला. दिवाळखोरीची सुनावणी होती. ती पार पडली की डार्लीनच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सगळं देणं माफ होणार होतं. हत्ती गेला होता, शेपूट तेवढं राहिलं होतं.

दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेऊन देणी फेडणाऱ्या ट्रस्टी ओस्ट्रँडरबाईंनी रेकॉर्डर चालू केला. वेंडेलच्या लायसन्सवरचा फोटो पाहिला, मग वेंडेलकडे, मग पुन्हा फोटो.

"वडलांना घेऊन यायचं होतं ना!"

"अहो, मीच तो!"

"फोटोतल्या माणसाला पांढरे केस आहेत, मिशी आहे. बासष्टचे आहेत ते. ओळख पटली नाही तर अर्ज फेटाळला जाईल."

कालच्या नोकरीच्या मुलाखतीसाठी वेंडेलने मिशी उडवून केस काळेभोर केले होते. नोकरी मिळाली नव्हती ती नव्हतीच! आता मात्र त्याचं डोकं सणकलं.

"म्हातारा म्हणून नोकरी गेली, आता तरुण म्हणून कर्जमाफीही जाणार? मी जगू तरी कुठल्या वयात?"

तेवढ्यात मागून ब्रॉडी उठला. हा फर्निचरच्या दुकानाचा अठ्ठावीस वर्षांचा मॅनेजर. वेंडेलने तिथेच काम करताना हप्त्यावर आरामखुर्ची घेतली होती, तिचे पैसे मागायला तो आला होता. पुन्हा हेलपाटा नको म्हणून घाईने म्हणाला, "बाई, हाच तो! मीच कामावरून काढलं ह्याला!"

"का काढलंत?"

"म्हातारा झाला ना! गिऱ्हाइकाला तरुण चेहरा लागतो. पन्नाशीवरचे सगळेच काढले!"

बाईंनी रेकॉर्डरकडे बोट दाखवलं. "चाळिशीपुढच्या माणसाला वयावरून काढणं कायद्यात बसत नाही. शपथेवर नसलात तरी सगळं टेप झालंय." ब्रॉडी मटकन बसला.

"ओळख पटली, वर दुकानावर भरपाईचा दावाही मिळाला!" वेंडेल नाचायचाच बाकी होता.

"दावा आता माझ्या ताब्यात," बाई म्हणाल्या. "नोकरी अर्जाच्या आधी गेली, म्हणजे तोही तुमच्या मालमत्तेत धरायचा. भरपाई आली की आधी तुमची देणी फिटणार. खुर्चीचे पैसेही."

"म्हणजे दुकानानेच द्यायचे आणि दुकानानेच घ्यायचे? घाला तो दावा मालमत्तेच्या यादीत! मला दमडी नको! ह्या टेपची एक प्रत तेवढी द्या."

"कशाला?"

"बायकोला ऐकवायचीय! दुकानातल्या सोफ्यावर झोपलो म्हणून काढलं, असं तिच्याकडून तीन महिने ऐकतोय मी!"

"झोपला होतात?"

"एकदाच!"

"चारदा," मागून ब्रॉडी म्हणाला.

वेंडेल रेकॉर्डरकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "बाई, तेवढं शेवटचं पुसता येईल का हो?"